एअर सस्पेन्शनच्या गाडीवरून ट्रेलर सुटत नाही? मग गाडीलाच कामाला लावा

जॉकी व्हीलचं, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाखालच्या छोट्या चाकाचं, हँडल फिरवताय. ट्रेलरचं तोंड वर येतंय, पण त्याच्या मागोमाग गाडीचं बूडही वर येतंय. आणखी फिरवलं की गाडी आणखी वर. शेवटी जॉकी व्हीलचे आटे संपतात आणि कपलर, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाचा पकडणारा भाग, गाडीमागच्या बॉलवर जिथल्या तिथे बसलेला असतो. मदतीला आलेला सोसायटीचा वॉचमन म्हणतो, "साहेब, ट्रेलर राहिला बाजूला, तुम्ही तर गाडीच उचलताय!" त्याचं निदान शंभर टक्के बरोबर असतं.

मुंबईत खासगी गाडीला ट्रेलर जोडणारे तसे थोडेच. मढ-मार्वेच्या बाजूला छोट्या बोटी आणि जेट-स्की ठेवणारे, महालक्ष्मीला घोडे असणारे, ट्रॅकवर बाइक घेऊन जाणारे, अलीकडे कॅम्पिंगची हौस लागलेले. पण यातल्या बऱ्याच जणांकडे ओढायला जी गाडी असते, म्हणजे लँड रोव्हरची डिफेंडर, रेंज रोव्हर, ऑडीची क्यू७, बीएमडब्ल्यूची एक्स५, व्होल्वोची एक्ससी९० वगैरे, तिला बहुतेकदा स्वतःची उंची स्वतः सांभाळणारं सस्पेन्शन असतं. हा त्रास सगळ्यात जास्त मे महिन्याच्या शेवटी होतो. पावसाळ्यापूर्वी बोट पाण्याबाहेर काढायची, कुणाच्या तरी आवारात नेऊन ठेवायची आणि तिथे ट्रेलर सोडून गाडी घेऊन परत यायचं असतं. ओढून आणताना काहीच अडत नाही, घोडं अडतं ते सोडताना.

मग लोक हिचला, म्हणजे गाडीमागच्या जोडणीला, शिव्या घालतात, हातोडी आणतात, कपलरवर तेल ओततात. हिच बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. आधी आत काय चाललंय ते समजून घेऊ, कारण ते कळलं की पुढची पद्धत पाठ करावी लागत नाही.

गाडी का मागे लागते

साध्या स्प्रिंगच्या गाडीवर ट्रेलरचं तोंड टेकलं की गाडी मागून बसते. ट्रेलर काढला की स्प्रिंग सुटतात आणि गाडी मूळ उंचीवर येते. हिशेब तिथे संपतो.

स्वतः समतल होणारी गाडी बसून राहत नाही. चाकांजवळचे सेन्सर सांगतात की मागची बाजू खाली गेली. कॉम्प्रेसर किंवा हवेची टाकी मागच्या बेलोंमध्ये, म्हणजे स्प्रिंगच्या जागी असलेल्या रबरी हवापिशव्यांमध्ये, जास्तीची हवा भरते आणि गाडी पुन्हा ठरलेल्या उंचीवर उभी राहते. म्हणजे ट्रेलर जोडलेला असताना मागच्या बेलोंमध्ये रिकाम्या गाडीला लागते त्यापेक्षा जास्त हवा कोंडलेली असते. आता ट्रेलरचा भार काढायला घेतला की ती जादा हवा गाडीला मूळ उंचीच्याही वर ढकलते. बॉल कपलरचा पाठलाग करतो तो यामुळे.

किती वर? एक हिशेब करून बघू. बोटीसकट १२०० किलोचा ट्रेलर आहे आणि त्याच्या तोंडाचा ७५ किलो भार बॉलवर येतोय. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.९ मीटर, आणि बॉल मागच्या चाकांच्या १.१ मीटर मागे. तरफेच्या नियमाने मागच्या ॲक्सलवर ७५ नव्हे, सुमारे १०३ किलो वाढतात आणि पुढचा ॲक्सल २८ किलोंनी हलका होतो. मागचे दोन्ही बेलो मिळून मिलिमीटरमागे ४ किलो दाबले जातात असं धरलं, तर भार काढल्यावर मागचा ॲक्सल २६ मिलिमीटर वर येतो. बॉल त्याच्याही मागे असल्यामुळे तो ३५ ते ४० मिलिमीटर वर जातो. बॉलचा व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे कपलरला तेवढं तर उचलावंच लागतं, शिवाय थोडी मोकळी जागा. मिळून झाले १०० मिलिमीटर. आकडे गाडीप्रमाणे बदलतील, पण चित्र हेच. साध्या गाडीत हा सगळा प्रवास खाली बसलेल्या जागेपासून सुरू होतो, इथे तो आधीच वर असलेल्या जागेपासून सुरू होतो. म्हणून जॉकी व्हीलची लांबी नेमकी शेवटच्या तीन-चार सेंटिमीटरला कमी पडते.

ही झाली गाडी झोपलेली असतानाची गोष्ट, म्हणजे इंजिन बंद आणि सस्पेन्शनचा मेंदूही बंद. गाडी जागी असेल तर गंमत वेगळी. सस्पेन्शनचा कंट्रोलर मुद्दाम संथ ठेवलेला असतो, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला त्याने हवा भरली-सोडली असती, आणि आपल्या रस्त्यांवर त्याला श्वास घ्यायलाही उसंत मिळाली नसती. तुम्ही हँडल फिरवत राहता, गाडी वर येत राहते, काही सेकंद काहीच होत नाही, आणि मग अचानक मागच्या चाकाजवळून 'फुस्स' असा आवाज येऊन गाडी खाली बसायला लागते. तुमची बोटं त्या क्षणी कपलरखाली असली तर काय होईल हे सांगायला नको.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. कपलरचं कुलूप उघडलेलंच नाही, किंवा उघडलंय असं वाटतं पण आतला जबडा गंजून बॉलला धरून बसलाय. तुम्ही जॉकी व्हीलने ट्रेलर उचलताय, म्हणजे प्रत्यक्षात गाडीच उचलताय. सेन्सरला वाटतं, मागची बाजू फार वर गेली, हवा सोडा. तो हवा सोडतो. गाडी खाली येत नाही, कारण ती जॉकी व्हीलवर टांगलेली आहे. तो आणखी हवा सोडतो. थोड्या वेळाने बेलो जवळजवळ रिकामे होतात आणि गाडीच्या मागच्या बाजूचा काही शे किलो भार त्या एका बारक्या चाकावर येतो, जे फक्त ट्रेलरचं तोंड पेलायला बनवलेलं असतं. अशा वेळी कुणीतरी हातोडीने कपलर उघडला की गाडी धाडकन खाली येते. जॉकी व्हीलचा वाकलेला पाइप दिसला की बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं.

सुरुवातीला जागा

उतारावर ट्रेलर सोडू नका. मुंबईत सपाट जागा मिळणं हेच अर्धं काम आहे, हे मान्य. पोडियम पार्किंगच्या रॅम्पवर, जेट्टीच्या उतारावर, बंगल्याच्या फाटकातल्या चढावर, कुठेही "दोनच मिनिटं" म्हणून सोडायचा मोह होतो. उतारावर दोन अडचणी येतात. एक तर ट्रेलर निसटण्याची. दुसरी म्हणजे ट्रेलर गाडीला मागे खेचतो किंवा पुढे ढकलतो, त्यामुळे कपलरचा जबडा बॉलवर आवळला जातो आणि लॅच, म्हणजे कपलरचं कुलूप, उघडतच नाही.

बोट पाण्यात सोडायची असेल तर ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, उतारावर सोडायची गरज नसते. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरतीचं पाणी साडेचार मीटरच्याही वर जातं. दोनेक तासांपूर्वी कोरडा होता तो उताराचा भाग पाण्याखाली जातो, तेव्हा जे काही सोडायचं-जोडायचं ते वर, सपाटीला.

तळमजल्याच्या बंद पार्किंगमध्ये हे काम करायचं नाही. पुढच्या पद्धतीत इंजिन चालू ठेवावं लागतं आणि बंद जागेत धूर कोंडतो.

जमीन वाळूची किंवा मऊ मातीची असेल तर जॉकी व्हीलखाली जाड प्लायचा दोन हात लांबीचा तुकडा टाका. मरीन प्लाय असला तर उत्तम, तो भिजून फुगत नाही. प्लाय नसेल तर चाक वर जाण्याऐवजी जमीन खाली जाते आणि तुम्ही फिरवत राहता.

आता पद्धत

मुद्दा एकच: उचलण्याचं काम जॉकी व्हीलला देऊ नका, ते गाडीला द्या. गाडीला आधी उंच करायचं, त्या उंचीवर ट्रेलरखाली टेकू द्यायचा, आणि मग गाडीला खाली बसवायचं. बॉल आपोआप कपलरमधून खाली निघतो. जॉकी व्हील फक्त उभं राहतं.

ट्रेलर हवा त्या जागी आणा. मागे घेऊन लावला असेल तर शेवटी गाडी चार बोटं पुढे घ्या. मागे ढकलताना बॉल कपलरच्या एका बाजूला दाबला गेलेला असतो, तो ताण यामुळे सुटतो. ट्रेलरला आपोआप लागणारा ब्रेक असेल, म्हणजे कपलरच्या मागे आत-बाहेर सरकणारा दांडा असेल, तर हे विशेष महत्त्वाचं. दांडा दाबलेल्या अवस्थेत राहिला तर कपलर सुटता सुटत नाही.

गिअर पार्किंगमध्ये, हँडब्रेक ओढलेला. ट्रेलरच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. आत्ता ते अगदी ठासून नकोत, बोटभर फट राहू द्या. गाडीची उंची बदलताना ट्रेलर किंचित पुढे-मागे सरकतो, तेवढी मोकळीक हवी. सुटल्यावर ठासायचेच आहेत.

ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग काढा. हे बरेच जण शेवटी करतात. काही गाड्यांना प्लग लावलेला असला की ट्रेलर जोडलाय हे कळतं आणि त्या उंचीचे काही पर्याय अडवून धरतात. स्क्रीनवर "उपलब्ध नाही" असा संदेश आला की आधी प्लग बघा, वर्कशॉपला फोन नंतर. सेफ्टी चेन मात्र अजून राहू द्या. ती शेवटून दुसरी निघते. ब्रेकअवेची तारही, म्हणजे ट्रेलर निसटला तर त्याचा ब्रेक ओढणारी तार, तशीच राहू द्या, पण ती ताणली जाणार नाही इतकी सैल आहे ना, ते पाहा.

सगळी दारं आणि डिकी बंद करा. लँड रोव्हरच्या गाड्या दार उघडं असताना उंची बदलायचं काम थांबवतात, इतरही काही गाड्या असंच वागतात. डिकी उघडी ठेवून पाच मिनिटं बटण दाबत बसलेले लोक असतात, आणि बटण बिघडलं असा त्यांचा पक्का समज झालेला असतो.

इंजिन चालू ठेवून गाडी सगळ्यात उंच करा. ऑफ-रोड, लिफ्ट, जे काही नाव तुमच्या गाडीत असेल ते. डिफेंडरमध्ये नेहमीच्या उंचीपेक्षा ७५ मिलिमीटर वर जाता येतं आणि माणसांना गाडीत चढायला-उतरायला सोपं जावं म्हणून ५० मिलिमीटर खाली. दोन्ही मिळून १२५ मिलिमीटरचा प्रवास, म्हणजे वर काढलेला १०० चा हिशेब त्यात आरामात बसतो. ट्रेलरच्या वजनासकट वर जायला वेळ लागतो. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबा. घाईने दोनदा-तीनदा वर-खाली केलं तर कॉम्प्रेसर तापतो आणि स्वतःला बंद करून घेतो, मग तो थंड होईपर्यंत बसा चहा पीत.

गाडी वर गेली की आता जॉकी व्हील. इथे एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. जॉकी व्हीलचा बाहेरचा पाइप ड्रॉबारवरच्या, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरच्या, क्लॅम्पमध्ये धरलेला असतो. तो क्लॅम्प सैल करून अख्खा पाइप खाली सरकवा, चाक जमिनीला टेकवा, क्लॅम्प घट्ट आवळा. लोक क्लॅम्प तसाच ठेवून हँडल फिरवत बसतात, त्यामुळे निम्मे आटे चाक जमिनीपर्यंत नेण्यातच खर्च होतात. क्लॅम्प आवळल्यावर हँडल इतकंच फिरवा की चाकावर भार आल्याचं हाताला कळेल. गाडी उचलायची नाही. मागच्या टायरच्या वरची कमान बघा. तुमच्या फिरवण्याने ती हलायला लागली की थांबा, अर्धा फेरा उलटा घ्या.

आता कपलरचं हँडल उघडा. ते उघडं राहतंय ना, हे डोळ्यांनी पाहा. काही कपलरमध्ये हँडल वर केल्यावर अडकून उघडं राहतं, काहींमध्ये हाताने धरावं लागतं. धरावं लागत असेल तर दुसरा माणूस हवा, आणि त्याचा हात फक्त हँडलवर, वरून. खालून नाही.

मग गाडी खाली. सगळ्यात खालची उंची निवडा, दार लावून घ्या आणि बाजूला उभे राहून बघा. आधी काही क्षण काहीच होत नाही, मग हवा सुटायचा आवाज येतो. गाडी हळूहळू बसते, बॉल कपलरच्या पोटातून खाली सरकतो, आणि मधे फट दिसायला लागते. फट दिसली तरी लगेच गाडी पुढे घेऊ नका. भार निघाल्यावर गाडी थोडी वर उसळते आणि मग पुन्हा बसते, तिला तिचं पूर्ण करू द्या. बॉलच्या डोक्यावरून कपलरच्या ओठापर्यंत निदान दोन बोटं जागा हवी. कमी असेल तर आता जॉकी व्हीलने उरलेलं उचला. कपलर मोकळा झालेला असल्यामुळे ते सहज फिरेल.

शेवटी ब्रेकअवेची तार, सेफ्टी चेन, आणि ठोकळे ठासून. गाडी पुढे घेताना सरळ घ्या, कारण वळवलीत तर गाडीचा मागचा कोपरा कपलरला लागतो. गाडी अजून खालच्या उंचीवर आहे हे विसरू नका. सोसायटीच्या स्पीडब्रेकरआधी नेहमीच्या उंचीवर आणा.

ज्या गाड्या वर जात नाहीत

सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर हवा नसते. काहींमध्ये फक्त मागे असते आणि वर नेण्याची सोय नसते, पण सामान चढवायला सोपं जावं म्हणून डिकीच्या आतल्या भिंतीवर मागची बाजू खाली करायचं बटण असतं. चारही चाकांवर हवा असलेल्या क्यू७ आणि एक्ससी९० मध्येही असं बटण तुम्हाला डिकीत सापडेल. फक्त मागे हवा असलेल्या गाडीत क्रम थोडा बदलतो. जॉकी व्हीलवर भार घ्या, लॅच उघडा, मग ते बटण दाबून मागची बाजू बसवा. प्रवास कमी मिळतो, म्हणून जॉकी व्हीलखाली आधीच एक चपटा ठोकळा ठेवलेला बरा.

आणि काही गाड्यांत बटणच नाही. मागच्या शॉकॲब्जॉर्बरमध्येच एक पंप असतो आणि गाडी चालताना चाकांच्या हेलकाव्यांनीच तो स्वतःला फुगवतो. वायर नाही, सेन्सर नाही, स्क्रीनवर काही नाही. अनेक मालकांना आपल्या गाडीत असं काही आहे याचा पत्ताही नसतो. इथे गाडीशी बोलायचा मार्ग नाही, तेव्हा जुनी युक्ती चालते: लॅच उघडल्यावर दोन धट्टेकट्टे मित्र डिकीच्या काठावर बसवा. त्यांच्या भाराने बॉल खाली दबतो आणि कपलरची पकड ढिली होते. मग हँडल फिरवून ट्रेलर भरपूर वर घ्या. मित्र उतरले की गाडी वर येणार, म्हणून ते उतरल्यावरही फट राहील इतकं वर. गाडी पुढे घ्यायची ती ते उतरल्यावरच, त्यांना बसवून नाही. हे लिहावं लागतंय, कारण लोक तेही करतात.

सिट्रोएनचं नाव या विषयात निघणारच. १९५५ च्या डीएस गाडीत तेल आणि वायूवर चालणारं असं सस्पेन्शन होतं, की चालकाने एक दांडी हलवली की अख्खी गाडी वर-खाली व्हायची. ट्रेलरवाल्यांसाठी यापेक्षा सोयीचं काही झालंच नाही, असं माझं ठाम मत आहे. पण भारतात २०२१ मध्ये आलेली त्यांची सी५ एअरक्रॉस त्या घराण्यातली असली तरी तिचं सस्पेन्शन उंची सांभाळणारं नाही. तिच्यावर ट्रेलर जोडला तर ती साध्या गाडीसारखीच बसते आणि साध्या गाडीसारखीच उठते.

तरीही सुटत नसेल

गाडी खाली बसली, कपलर मात्र बॉलला चिकटूनच आहे आणि ट्रेलरचं तोंड गाडीबरोबर खाली ओढलं जातंय, असं दिसलं तर ताबडतोब गाडी पुन्हा वर घ्या. जोर लावू नका. आता दोष कपलरमध्येच आहे.

सगळ्यात आधी पुढे-मागे ताण आहे का ते पाहा. लॅच उघडी धरून ट्रेलरला कमरेने एक हलका धक्का द्या, एकदा पुढे, एकदा मागे. बऱ्याचदा 'टक्' असा आवाज येऊन जबडा सुटतो. नाही सुटला तर ठोकळे तसेच ठेवून गाडी अगदी इंचभर पुढे किंवा मागे.

मग बॉलचं माप. आपल्याकडे ५० मिलिमीटरचे बॉल आहेत आणि अमेरिकी मापाचे २ इंचाचेही, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. आठ दशांश मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. ५० च्या बॉलवर २ इंची कपलर थोडा खडखडतो, पण उलटी जोडी, म्हणजे २ इंची बॉलवर ५० चा कपलर, बसवताना जोर लावावा लागतो आणि काढताना रडवते. बॉलच्या डोक्यावर किंवा मानेवर माप कोरलेलं असतं. एका दुकानातून हिच आणि दुसरीकडून ट्रेलर घेतला असेल तर कपलरवरचं मापही वाचा आणि दोन्ही जुळवून घ्या, नाहीतर दरवेळी हेच.

आणि मुंबईत सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे खारा वारा. समुद्रात बुडवलेल्या ट्रेलरच्या कपलरमध्ये गंज आतून बसतो. वरून रंग झक्क दिसतो आणि आतली स्प्रिंग, पिन आणि जबडा एकमेकांत मुरलेले असतात. गंज सोडवणारं स्प्रे-तेल पिनच्या दोन्ही टोकांना मारून थोडा वेळ थांबा, हँडल हळूहळू वर-खाली करा. हातोडी मारायचीच असेल तर लाकडाचा तुकडा मधे धरून, बाजूने, हलके, आणि गाडी वरच्या उंचीवर असताना. टांगलेल्या गाडीवर हातोडी कधीही नाही.

साध्या कपलरला ग्रीस लावायचं असतं. पण झोके कमी करणारे, आत घर्षणाच्या पट्ट्या असलेले कपलर असतात, त्यांना ग्रीस लावलं तर पट्ट्या बाद होतात. अशा कपलरला दोन हँडल असतात: घर्षणाचं हँडल आधी सोडायचं, मग लॅच. उलट क्रमाने केलं तर लॅच दगडासारखी वाटते, आणि पुन्हा दोष सस्पेन्शनवर जातो.

झोपलेली गाडी जागी होते

गाडी बंद करून चावी खिशात टाकली म्हणजे सस्पेन्शन थांबलं असं समजू नका. अनेक गाड्या बंद केल्यावरही काही वेळ, आणि काही तर तासांनी एकदा जाग्या होऊन, स्वतःला समतल करतात. ट्रेलर जोडलेलाच ठेवून जॉकी व्हील खाली टेकवून जेवायला गेलात, तर परत येईपर्यंत गाडी दोन-तीन सेंटिमीटर खाली बसलेली असू शकते. मग सगळा भार जॉकी व्हीलवर. जोडलेल्या अवस्थेत थांबायचं असेल तर जॉकी व्हील वर घेऊन ठेवा.

त्याच कारणाने गाडीखाली किंवा चाक आणि कमान यांच्या मधे हात घालायचा नाही. लहान मुलांना अशा वेळी दूर उभं करा. ती फट पाहता पाहता बंद होते आणि तिला अडवायला मधे काही नसतं.

गाडीखाली जावंच लागलं, किंवा टायर बदलायचा असेल, तर समतल होणं थांबवण्याची सोय मेनूमध्ये असते. ऑडीमध्ये तिला कार जॅक मोड म्हणतात, इतरांची नावं वेगळी. ट्रेलर सोडण्यासाठी मात्र हा मोड वापरू नका. तो लावला की गाडी झोपलेल्या प्रकारात जाते आणि बॉल पुन्हा कपलरच्या मागे लागतो.

सस्पेन्शनच बिघडलं आणि गाडी खाली बसून राहिली, तर सोडणं उलट सोपं होतं. बॉल आधीच खाली असतो. अडचण एवढीच की ड्रॉबारखाली जॉकी व्हील उभं करायला जागा राहत नाही. तेव्हा गॅरेजचा ट्रॉली जॅक ड्रॉबारच्या लोखंडी फ्रेमखाली लावून नुसता भार घ्या, लॅच उघडा, ट्रेलर उचला, मग जॉकी व्हील बसवा. पावसाळ्यानंतर अशा तक्रारी वाढतात, कारण उंचीच्या सेन्सरला जोडलेली छोटी दांडी चिखल-पाण्याने गंजते आणि कंट्रोलरला खोटी उंची कळवते. गाडी एका बाजूला झुकलेली दिसली की आधी ती दांडी तपासायला सांगा. अख्खा कॉम्प्रेसर बदलायचं बिल समोर येण्याआधी.

पुन्हा जोडताना

हेच उलटं. गाडी सगळ्यात खाली करून बॉल कपलरच्या बरोबर खाली आणा, लॅच उघडी धरा, गाडी वर घ्या. बॉल कपलरमध्ये शिरतो आणि लॅच बसते. बसली की नाही हे तपासायची खात्रीची रीत म्हणजे जॉकी व्हीलने ट्रेलर किंचित उचलून गाडीचं बूड वर येतंय का ते बघणं. या गाड्यांत ती तपासणी दोन-चार सेकंदांत उरका, नाहीतर सेन्सर जागा होऊन हवा सोडायला लागेल. मग जॉकी व्हील पूर्ण वर, क्लॅम्प घट्ट, चेन, तार, प्लग, दिवे, शेवटी ठोकळे. इंजिन चालू ठेवून गाडी नेहमीच्या उंचीवर स्थिर होऊ द्या आणि मगच निघा. ट्रेलर हे मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे वेगळं वाहन आहे आणि त्याची स्वतःची नोंदणी लागते. नाक्यावर अडवल्यावर ती कागदपत्रं हाताशी असू द्या.

बोट पावसाळाभर ठेवायची असेल तर ट्रेलर सोडल्यावर जॉकी व्हील आणखी चार-पाच फेरे फिरवून बोटीचं नाक वर ठेवा आणि मागचं पाणी निघायचं बूच काढून गाडीच्या चावीला बांधा, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरवताना ते शोधावं लागणार नाही. मग ड्रॉबारच्या फ्रेमखाली एक भक्कम ठोकळा रचून भार त्याच्यावर घ्या, कारण जॉकी व्हीलचं रबर महिनोन्महिने एकाच जागी दबून चपटं होतं. कपलर गोड्या पाण्याने धुवा, ग्रीसवाला असेल तर ग्रीस भरा, आणि त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी उलटी घालून दोरीने बांधा. तोंड खाली मोकळं ठेवा, नाहीतर आत दमट हवा कोंडून गंज बाहेरच्यापेक्षा लवकर येतो.